आधीं ओल, मग रंग

नवरात्र उठलें, दसऱ्याचें सोनें वांटून झालें, कीं आपल्याकडे घरोघर एकच घाई सुरू होते. दिवाळी तोंडावर आलेली असते. रंगाऱ्याला बोलावणें जातें, भिंती खरवडल्या जातात, डबे उघडले जातात, आणि आठ-दहा दिवसांत घर नव्यासारखें लखलखूं लागतें. पाहुणे येतात, कौतुक करतात, आणि घरधन्याला वाटतें कीं वर्षाची निगा आटोपली. पुढें मार्गशीर्ष-पौषांत त्याच भिंतींना फोड येतात, रंगाचे पापुद्रे सुटतात, कोपऱ्यांत पुन्हां काळी बुरशी दिसूं लागते. मग दोष रंगाऱ्याला, रंगाला किंवा नशिबाला दिला जातो. वस्तुतः या तिघांचाही अपराध बहुधा नसतो. चूक असते ती क्रमाची. ज्या कामानें शेवट करावयाचा, त्यानेंच आपण आरंभ करतों.

थंडीसाठीं घर सज्ज करणें म्हटलें, म्हणजे बर्फाळ देशांतील लोक खिडक्यांच्या फटी बुजवितात, धुरांडीं साफ करतात, नळ गोठूं नयेत म्हणून ते गुंडाळून ठेवतात. आपल्याकडे तो प्रश्न नाहीं. पुण्यांत पारा १.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला तो १९३५ च्या जानेवारींत. मुंबईंत सांताक्रूझ येथें तो ७.४ अंशांवर आला तो १९६२ च्या जानेवारींत. असे दिवस अपवादाचे. आपल्या घराचा खरा शत्रु थंडी नव्हे. थंडीपूर्वीं चार महिने गच्चींत, भिंतींत आणि लांकडांत मुरलेलें पाणी हा आहे. म्हणून महाराष्ट्रांत थंडीची तयारी म्हणजे पावसाच्या मागची निरवानिरव होय.

हें पाणी किती असतें, याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर तेथें एक लिटर पाणी जमतें. दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद अशी गच्ची घ्या. पुण्यासारख्या शहरीं वर्षाला सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे त्या गच्चीवरून ७०,००० लिटर पाणी जातें. मुंबईचा पाऊस २,००० मिलिमीटरांच्या वर. तेथें हाच आंकडा दोन लाख लिटरांच्या पुढें जातो. यांतील शंभरावा हिस्सा जरी वाटेंत अडला आणि आंत शिरला, तरी पुण्याच्या घरानें पन्नासएक बादल्या पाणी पोटांत घेतलें असें होतें. तें कोठें तरी बाहेर पडणारच. त्याला वाट मोकळी ठेवावयाची, कीं वरून रंगाचें झांकण घालून कोंडावयाचें, एवढाच प्रश्न आहे.

हवामान खात्यानें २०२० मध्यें ठरविलेल्या सरासरी तारखांप्रमाणें मुंबईंतून पाऊस ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. त्यानंतर जें ऊन तापतें, त्याला आपण ऑक्टोबरचा उन्हाळा म्हणून नांवें ठेवतों. पण घराच्या दृष्टीनें त्या उन्हासारखा दुसरा वैद्य नाहीं. हवेंतील दमटपणा उतरूं लागतो, उत्तरेकडचे कोरडे वारे सुरू होतात, आणि भिंती आपण होऊन ओल सोडूं लागतात. या फुकट मिळणाऱ्या उपचाराचा लाभ घ्यावयाचा असेल, तर कामाचा क्रम असा असावा: पाहणी, निचरा, वाळवण, दुरुस्ती आणि सर्वांत शेवटीं रंग.

पहिलें काम पाहणीचें, आणि तें पाऊस थांबल्यापासून आठ-पंधरा दिवसांत व्हावें. घर आपल्या दुखण्याची खूण फार दिवस जपून ठेवीत नाहीं. आज छतावर दिसणारा ओला डाग महिन्याभरांत सुकून फिकट होतो, आणि वैशाखांत गवंडी दारीं आला म्हणजे पाणी नेमकें कोठून आलें होतें हें घरांतील कोणालाच सांगतां येत नाहीं. म्हणून एक पेन्सिल घेऊन घरभर फिरावें. दिसेल त्या ओलसर डागाच्या कडेनें रेघ ओढावी व तिच्याजवळ तारीख लिहावी. भिंत खराब होईल ही भीति नको. तिला पुढें रंग द्यावयाचाच आहे. पंधरा दिवसांनीं पुन्हां पाहावें. डाग रेघेच्या आंत आंत सरकत गेला असेल, तर तो पावसाचा. बाहेर कोरडें ऊन असतांही तो रेघ ओलांडून वाढला असेल, तर तें पाणी आकाशांतलें नव्हे. नळांतलें किंवा न्हाणीघरांतलें आहे. वरच्या आणि खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडांत गळतीवरून जे वाद वर्षानुवर्षें चालतात, त्यांतील पुष्कळांचा निकाल ही साधी रेघ लावूं शकेल.

डागाची जागाही बोलकी असते. छताच्या मध्यावर पिवळसर कडेचा डाग दिसला, तर गच्चीकडे पाहावें. भिंतीच्या पायथ्यापासून दोन-तीन फुटांपर्यंत ओलीचा पट्टा असेल, तर ती ओल जमिनींतून वर चढते आहे. दिव्याच्या वातींत तेल चढतें, त्याच केशाकर्षणानें विटेच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी वर चढतें आणि येतांना जमिनींतील क्षारही घेऊन येतें. पाणी उडून जातें. क्षार मागें राहून भिंतीवर पांढरी भुकटी फुटते. तिलाच आपण लोणा म्हणतों. लोणा ओल्या फडक्यानें पुसूं नये; पाण्यांत विरघळून तो पुन्हां भिंतींत शिरतो. कोरड्या कुंच्यानें झाडून तो बाहेर टाकावा.

ओल भिंतींतून येते कीं खोलींतील दमट हवेंतून, याविषयीं शंका असेल तर एक सोपा प्रयोग आहे. प्लॅस्टिकच्या पातळ कागदाचा वीतभर चौकोन कापून चारी कडांनीं चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवावा. एक-दोन दिवसांनीं पाहावें. कागदाच्या भिंतीकडील अंगास थेंब जमले असतील, तर पाणी भिंतींत आहे. खोलीकडील अंगास जमले असतील, तर खोलींत वारा खेळत नाहीं. पहिल्या दुखण्याला गवंडी लागतो, दुसऱ्याला केवळ खिडकी उघडावी लागते.

दुसरें काम निचऱ्याचें. गच्चीला उतार दर दहा फुटांस निदान सव्वा इंच असावा. तो आहे कीं नाहीं, हें पाहण्यास यंत्र नको. सकाळीं गच्चीवर चार बादल्या पाणी ओतावें आणि तासाभरानें जावें. जेथें थारोळें राहिलें असेल, तेथें खडूनें वर्तुळ काढावें; तेवढाच भाग कोब्याचा दुरुस्त करावयाचा आहे. पाणी उतरणाऱ्या नळांच्या तोंडावरील जाळ्यांत पावसाळाभर पानें, पिसें आणि माती सांचलेली असते, ती काढावी. झाडांच्या कुंड्या थेट कोब्यावर न ठेवतां विटांवर ठेवाव्यात. टाकून दिलेले डबे, टायर, फुटके माठ यांतील पाणी ओतून द्यावें. डेंग्यूचा डांस अशाच स्वच्छ सांचलेल्या पाण्यांत वाढतो आणि अंड्यापासून डांस होण्यास त्याला आठ-दहा दिवस पुरतात.

याच वेळीं भिंतींतून उगवलेल्या पिंपळ-वडांच्या रोपांकडे लक्ष द्यावें. पांखरांच्या विष्ठेंतून बीं सांदींत पडतें, पावसाच्या ओलीनें रुजतें, आणि आश्विनांत त्याला चार कोंवळीं पानें फुटलेलीं असतात. या वेळीं तें दोन बोटांनीं मुळासकट निघतें. आपण मात्र वरचें रोप छाटतों आणि मूळ आंत राहूं देतों. छाटलेल्या मुळाला पुढच्या पावसांत जोमानें फूट येते, तें भिंतींत जाड होत जातें, आणि पांच-सात वर्षांत दगडाचे सांधे उघडूं लागतात. पुण्या-नाशिकच्या कित्येक जुन्या वाड्यांच्या भिंती या दुर्लक्षामुळें फाटल्या आहेत. मूळ निघालें कीं ती सांद खरवडून चुन्यानें किंवा योग्य त्या मालानें लगेच भरावी.

तिसरें काम वाळवणाचें. यांत करावयाचें थोडें, पण धीर पुष्कळ धरावा लागतो. कपाटें भिंतीपासून हातभर पुढें ओढावीं, तसबिरी उतरवाव्या, दुपारीं समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्या. विटेची भिंत वाळण्यास जाडीच्या दर इंचामागें सुमारें एक महिना लागतो, असा थंड देशांतील बांधकामाचा एक ढोबळ ठोकताळा आहे. आपल्या उन्हांत त्याहून कमी काळ लागेल. तरी नऊ इंची भिजलेली भिंत पंधरा दिवसांत वाळेल ही आशा व्यर्थ होय. दसऱ्याला पाऊस थांबला आणि दिवाळीला तैलरंग लागला, तर तो रंग ओल्या अंगावर चढविलेल्या मेणकापडासारखा बसतो. आंतील पाणी बाहेर पडूं पाहतें, वाट मिळत नाहीं, आणि तें रंगालाच ढकलून फोड आणतें. वरून सुंदर दिसणाऱ्या अशा भिंतीआड बुरशी वाढते. ओलसर, बुरशीयुक्त घरांत राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार व दमा यांचा त्रास अधिक होतो, हें जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट सांगितलें आहे. तेव्हां हा प्रश्न केवळ शोभेचा नाहीं. त्या भिंतीशीं पाळणा लावलेला असतो.

चौथें काम दुरुस्तीचें. प्रत्येक भेग भयंकर नसते. थंडीच्या दिवसांत पुणें-नाशिककडे दुपार आणि पहाट यांत पंधरा अंशांचें अंतर सहज पडतें. दहा मीटर लांबीचा काँक्रीटचा स्लॅब तेवढ्यानें सुमारें दीड मिलिमीटर लांब-आंखूड होतो, आणि त्या हालचालीनें गिलाव्याला केंसासारख्या बारीक भेगा पडतात. त्या भरून काढल्या कीं पुरे. पण भेग वाढते आहे अशी शंका आली, तर तिच्यावर आडवी अशी कांचेची अरुंद पट्टी दोन्ही टोकांना गिलाव्यानें पक्की बसवावी. महिन्या-दोन महिन्यांत कांच तडकली, तर भेग जिवंत आहे असें समजावें व जाणत्या अभियंत्याला बोलवावें.

काँक्रीटच्या घरांत सर्वांत अधिक जपावयाचें तें आंतील लोखंडी गजांना. ओल गजांपर्यंत पोंचली कीं ते गंजतात, आणि गंजाचें घनफळ मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक होतें. तो फुगणारा गंज बाहेरचें काँक्रीट फोडतो. गजाच्या रेषेंत सरळ भेग पडते, मग पोपडा सुटतो आणि एके दिवशीं छताचा तुकडा खालीं येतो. समुद्राकांठच्या खाऱ्या हवेंत हें अधिक झपाट्यानें घडतें. लांकडी दांड्यानें छत हलकेंच ठोकून पाहावें. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर तो भाग सुटलेला आहे. त्याखालीं निजूं नये आणि त्यावर नुसता गिलावा फांसून समाधान मानूं नये. गंज खरवडून, गज साफ करून, मगच तो भाग पुन्हां भरावा लागतो. महाराष्ट्रांतील सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठीं २०१४ मध्यें काढलेल्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षें वयाच्या इमारतीची पांच वर्षांतून एकदां आणि तीस वर्षांहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदां तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी असें सांगितलें आहे. आपल्या इमारतीची ती तपासणी झाली आहे काय, हें वार्षिक सभेंत विचारण्याचा प्रत्येक सभासदास हक्क आहे.

सिमेंटचें काम कार्तिकानंतर करण्यांत आणखी एक लाभ आहे. सिमेंट वाळून घट्ट होत नाहीं. पाण्याशीं त्याचा रासायनिक संयोग होऊन तें घट्ट होतें. म्हणून नव्या कामावर निदान सात ते दहा दिवस पाणी मारावें लागतें. वैशाखाच्या उन्हांत तें पाणी घटकेंत उडून जातें आणि काम तडकतें. थंडींत तें टिकतें. जुन्या वाड्याच्या चुना-मातीच्या भिंतीला मात्र सिमेंटचा गिलावा देऊं नये. चुना ओल बाहेर जाऊं देतो, सिमेंट ती अडवितें. वरचा थर कठीण राहतो आणि आंतील भिंत भुसभुशीत होत जाते. चुन्याच्या भिंतीला चुनाच मानवतो.

कौलारू घर असेल तर फुटकीं कौलें आतांच हेरून ठेवावीं. रीपांवर आणि वाशांवर पाणी ओघळल्याच्या काळ्या रेघा अजून ताज्या असतात. त्यांच्या माथ्यावर खडूची खूण केली, म्हणजे आगोटीपूर्वीं कौलें परततांना शोध करावा लागत नाहीं. लांकडाविषयीं एकच गोष्ट लक्षांत ठेवावी. श्रावणांत दार अडूं लागलें म्हणून लगेच सुताराकडून तासून घेऊं नये. लांकूड दमट हवेंत फुगतें आणि कोरड्या हवेंत आंवळतें. पावसाळ्यांत तासलेलें दार पौषांत चौकटींत सैल पडतें, आणि त्या फटींतून थंडीचा वारा थेट बिछान्यावर येतो. मार्गशीर्षापर्यंत थांबावें, तेव्हांही दार अडत असेल तरच रंधा लावावा आणि उघड्या पडलेल्या कडांना जवसाचें उकळलेलें तेल पाजावें. चौकटीच्या पायथ्याशीं मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या, तर वाळवी आली आहे असें समजावें. नुसत्या नळ्या मोडून ती जात नाहीं. जेथून तिला ओल मिळते तें ठिकाण शोधून कोरडें करावें व जाणकाराकडून औषध घालून घ्यावें.

एवढें झाल्यावर रंगाची पाळी येते. मग दिवाळीचें काय, असें गृहिणी विचारतील, आणि तें रास्त आहे. सण कोणी पुढें ढकलावा असें मी सांगत नाहीं. ज्या भिंती कोरड्या राहिल्या आहेत त्यांना खुशाल हवा तो रंग द्यावा. ज्यांवर पेन्सिलीची रेघ आहे, त्यांना यंदाच्या दिवाळीपुरता साधा चुन्याचा हात द्यावा. भाजलेल्या चुनखडीचा कळीचा चुना पाण्यांत विरवून भिंतीला लावला, कीं हवेंतील कार्बन डायॉक्साइड शोषून त्याची पुन्हां चुनखडी होते. हा थर ओलीला अडवीत नाहीं, आणि ताज्या चुन्याच्या क्षारतेमुळें बुरशीलाही तेथें सहजासहजीं रुजतां येत नाहीं. आपल्या पूर्वजांनीं दिवाळीला चुना लावण्याची चाल पाडली ती पावसाळ्याला लागून येणाऱ्या सणाला साजेशीच आहे. चाल टिकली, चुन्याच्या जागीं तैलरंग आला, आणि तिचा उपयोग नाहींसा झाला. तैलरंग किंवा प्लॅस्टिकचा रंग या भिंतींना माघ-फाल्गुनांत द्यावा. गच्चीचा जलरोधक लेपही पृष्ठभाग पूर्ण वाळल्यावरच, म्हणजे पौषानंतर, घ्यावा.

आतां मला दिलेल्या वेळांतील शेवटचीं कांहीं मिनिटें घरापेक्षां घरांतील माणसांविषयीं. थंडी पडली कीं आपण खिडक्या लावतों, झरोक्यांत कागद कोंबतों आणि उबेसाठीं शेगडी जवळ करतों. बाळंतिणीच्या खोलींत तर दारें-खिडक्या बंद करून निखाऱ्यांचा शेक देण्याची चाल अजून कित्येक घरांत आहे. कोळसा कोंडलेल्या हवेंत जळतो, तेव्हां कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निर्माण होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. आपल्या रक्तांतील ज्या द्रव्यानें प्राणवायु वाहून न्यावयाचा, त्याला हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक दृढपणें चिकटतो. प्रथम डोकें दुखतें, मग घेरी येते, मळमळतें, आणि मग गुंगी येते. निजलेल्या माणसाला तर हीं लक्षणें कळतही नाहींत. आई आणि तान्हें मूल दोघेंही झोंपेंतच दगावण्याचा धोका यांत असतो. शेक द्यावयाचाच असेल, तर शेगडी बाहेर पेटवून निखारे धगधगूं द्यावे, शेक देतांना खिडकी उघडी ठेवावी, आणि झोंपण्यापूर्वीं शेगडी खोलीबाहेर न्यावी. निखाऱ्यांचा धूर निघून गेला म्हणजे विषारी वायु गेला असें मात्र समजूं नये. बिनधुराचा लाल निखाराही तो वायु सोडीत असतो. गरम पाण्याची पिशवी शेकाला अधिक सुरक्षित होय.

हीच गोष्ट न्हाणीघरांतील गॅसच्या बंबाची. लहानशा बंद न्हाणीघरांत तो पेटविणें म्हणजे शेगडी घेऊन कोंडून घेणेंच होय. तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेंत बसवून केवळ पाण्याचा नळ आंत आणावा. विजेचा बंब असेल, तर थंडींत तो प्रथम सुरू करण्यापूर्वीं त्याची जमिनीशीं जोडलेली तार तपासून घ्यावी. घराच्या मुख्य फळीवर गळती होतांच प्रवाह तोडणारी ३० मिलिअँपिअरची कळ बसविलेली असावी. तिच्यावर परीक्षेसाठीं एक छोटें बटण असतें. तें दाबल्यावर कळ पडली नाहीं, तर ती निकामी आहे. ओल्या भिंतींतील बटणाला हात लावतांच झिणझिण्या आल्या, तर तें हंसण्यावारी न नेतां त्याच दिवशीं प्रवाह बंद करून वीजतंत्र्यास बोलवावें.

तात्पर्य, वर्षाचें वेळापत्रक असें आंखावें. आश्विनांत पाहणी आणि निचरा. कार्तिकांत वाळवण आणि झरोके, बंब व विजेची तपासणी. मार्गशीर्ष-पौषांत भेगा, गज आणि लांकूड. माघ-फाल्गुनांत गच्चीचा लेप आणि रंग. आणि वैशाखांत केवळ नळांच्या जाळ्यांवरून व कौलांवरून एकवार हात फिरवावयाचा. यांत खर्च वाढत नाहीं, उलट वांचतो. कारण जें काम मे महिन्यांत सर्व शहर एकदम काढतें, तें आपण गवंडी मोकळा असतां काढलेलें असतें. पावसाळ्यांत घर आपलें दुखणें सांगतें, थंडींत तें उपचार करून घेतें. या दोन ऋतूंच्या मधल्या पंधरा दिवसांत हातांत कुंचा घेण्याआधीं पेन्सिल घ्यावी, एवढेंच आजच्या भाषणाचें सांगणें आहे.